मॅट्रॉक्स जी४०० : काना काळा दिसावा म्हणून घेतलेलं कार्ड

जुन्या कॉम्प्युटरवर, ट्यूबच्या मॉनिटरवर दिवसभर मजकूर वाचायचं काम असेल, तर मॅट्रॉक्सचं जी४०० हे ग्राफिक्स कार्ड (कॉम्प्युटरमधून मॉनिटरला चित्र पाठवणारं कार्ड) मिळेल तिथून उचला. गेम खेळायचे असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका. निकाल एवढाच. पुढे कारणं आहेत, आणि मी मूळचा टीव्ही मेकॅनिक असल्यामुळे ती व्होल्ट, ओहम आणि वायरीच्या भाषेत येतील.

आता असलं कार्ड आजच्या दिवसांत कुणाला कशाला लागावं? साताऱ्यात आमच्या दुकानाच्या अर्ध्या भागात मी बसतो आणि अर्ध्यात वहिनींचं डीटीपी चालतं. लग्नपत्रिका, वास्तुशांत, यात्रेची हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल. त्यांची जुनी कामं पेजमेकरमध्ये आहेत, त्या वेळच्या मराठी फॉन्टमध्ये, आणि त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं लॉक पॅरलल पोर्टात बसतं. नव्या मशीनला तो पोर्टच नसतो. गिऱ्हाईक येतं, ‘थोरल्याची केली होती तशीच धाकट्याची पत्रिका करा’ म्हणतं, की विंडोज ९८ चं पेंटियम थ्री चालू करावं लागतं. मॉनिटर एकोणीस इंची, पिक्चर ट्यूबवाला. ट्यूब अजून दणकट आहे. फोकस मी स्वतः फ्लायबॅकवरून (ट्यूबला हाय व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून) लावलाय. (हे वाचून कुणी मॉनिटर उघडू नये. आत वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही ट्यूबमध्ये काही काळ राहतात.)

या मशीनमध्ये आधी एक स्वस्तातलं कार्ड होतं. नाव लिहीत नाही, तसली तेव्हा डझनाने यायची. वहिनींचं गाऱ्हाणं एकच होतं, “भावोजी, रेघ दिसते, काना दिसत नाही.” जवळ जाऊन पाहिलं तर तस्संच होतं. शिरोरेषा काळीकुळकुळीत आणि तिच्याखालचे काने राखाडी. बारीक टायपात ‘भ’च्या डोक्यावरची फट बुजून जायची आणि ‘म’ वाचला जायचा, ‘ध’चा ‘घ’ व्हायचा. पत्रिकेत भारतीची मारती झाली तर छपाईचे पैसे कोण देणार?

इंग्रजी मजकुरात हे लवकर ध्यानात येत नाही. देवनागरीत येतं, कारण आपल्या प्रत्येक शब्दात लांब आडवी रेघ आणि बारीक उभी रेघ शेजारी शेजारी असतात. ट्यूबमधला किरण डावीकडून उजवीकडे धावतो. शिरोरेषा काढताना त्याला सलग वीस-तीस पिक्सेल काळंच राहायचं असतं, त्यामुळे सिग्नलला खाली यायला भरपूर वेळ मिळतो. काना मात्र एक-दोन पिक्सेलांचा. पांढऱ्यावरून काळ्यावर आणि परत पांढऱ्यावर जायचं, तेही त्या एवढ्याशा वेळात. १२८० × १०२४, ८५ हर्ट्झ ही आमची सेटिंग. त्यात पिक्सेल क्लॉक, म्हणजे ठिपके पाठवायचा वेग, १५७.५ मेगाहर्ट्झ असतो, म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला जेमतेम ६.३ नॅनोसेकंद. टीव्हीच्या धंद्यात आमचं सगळं चित्र ५ मेगाहर्ट्झमध्ये बसायचं आणि त्यातही भुतं (चित्राच्या दुहेरी सावल्या) दिसायची. इथे वेग तिसेक पटींचा आहे. सिग्नल पुरता काळ्यापर्यंत उतरायच्या आत वर चढायची वेळ येते, आणि काना राखाडी राहतो.

हा सिग्नल तयार कसा होतो, ते थोडं बघू. कार्डाच्या मेमरीत चित्र आकड्यांत असतं. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, ० ते २५५. ट्यूबला आकडे कळत नाहीत, व्होल्टेज कळतं. मध्ये जी चिप बसते तिला रॅमडॅक म्हणतात. पूर्वी ती बोर्डावर वेगळी दिसायची, इनमॉसची नाहीतर ब्रुकट्रीची. पुढे ती मुख्य चिपच्याच पोटात गेली. तिच्यातल्या ‘रॅम’ भागात रंगांचा तक्ता असतो. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ मशीनबरोबर व्हीजीए ही पडद्यावर चित्र दाखवायची पद्धत आणली, तेव्हा एका ठिपक्यासाठी जास्तीत जास्त ८ बिट ठेवायची ऐपत होती. म्हणून तो आकडा हा रंग नसून तक्त्यातला ओळ क्रमांक असायचा. तक्त्यात प्रत्येक रंगाला ६ बिट, म्हणजे २,६२,१४४ रंगांतून निवडलेले २५६. चित्राला हात न लावता नुसता तक्ता बदलला की पडद्यावरचे रंग बदलत. जुन्या गेममधलं वाहतं पाणी पुष्कळदा असंच वाहायचं. आता २४ बिट रंगात तक्त्याचं ते काम उरलं नाही, पण सेटिंगमधली गॅमाची पट्टी सरकवता तेव्हा तुम्ही बहुधा तोच तक्ता बदलत असता.

‘डॅक’ म्हणजे आकड्याचं व्होल्टेज करणारे तीन भाग, एकेका रंगाला एकेक. प्रत्येकात छोटे छोटे करंट सोर्स असतात आणि आकडा जेवढा मोठा तेवढे जास्त चालू होतात. तो करंट कार्डावरच्या ७५ ओहमच्या रेझिस्टरमधून आणि मॉनिटरमधल्या ७५ ओहममधून मिळून वाहतो. दोन्ही मिळून ३७.५ ओहम झाले. पूर्ण पांढऱ्याला १८.७ मिलिअँपिअरच्या आसपास, म्हणजे ०.७ व्होल्ट. काळं म्हणजे शून्य. त्या ०.७ व्होल्टचे २५५ भाग केले तर एकेक पायरी पावणेतीन मिलिव्होल्टची पडते. कॅबिनेटमध्ये शेजारी एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) घुमत असताना एवढ्या बारीक पायऱ्या शाबूत ठेवायच्या, हे खरं कार्ड बनवणाऱ्याचं काम.

मी स्कोप (सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप) लावून पाहिलं. मॉनिटर जोडलेला असताना पांढऱ्याला ०.७ च्या आसपास. मॉनिटर काढला की तोच सिग्नल दुप्पट, १.४ च्या घरात, कारण समोरचा ७५ ओहम गेला. मॉनिटर लावलाय की नाही हे कार्डं ओळखतात ती पुष्कळदा याच फरकावरून. म्हणून कार्डाच्या व्हीजीए सॉकेटमध्ये १ आणि ६, २ आणि ७, ३ आणि ८ या पिनांमध्ये एकेक ७५ ओहमचा रेझिस्टर अडकवला की कित्येक कार्डांना मॉनिटर आल्यासारखं वाटतं. बिनमॉनिटरच्या मशीनसाठी ही युक्ती चालते. माझा स्कोप १०० मेगाहर्ट्झचा आहे, त्यामुळे १२८० च्या सेटिंगमधला खरा आकार तो दाखवू शकत नाही. पण ६४० × ४८० ला क्लॉक २५.१७५ मेगाहर्ट्झच असतो, तिथे कडा नीट दिसतात. एकाआड एक काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघांचं चित्र लावलं, तर जुन्या कार्डाचा चौकोन एवढ्या कमी वेगातही खांदे पाडून बसलेला. जी४०० चा ताठ.

फरक कशाने? इथेच जाहिराती फसवतात. डब्यावर रॅमडॅकचा वेग छापलेला असतो. जी४०० वर ३०० मेगाहर्ट्झ, त्याच्या मॅक्स नावाच्या मोठ्या भावावर ३६०. आकडे खरे आहेत. १६०० × १२०० ला ८५ हर्ट्झवर २२९.५ लागतात, तेही त्यात आरामात बसतात. पण माझ्या जुन्या कार्डाच्या डब्यावरही ३०० च लिहिलेलं होतं! चिपमधून सिग्नल चांगलाच निघत असणार. घोळ होतो तो चिपपासून सॉकेटपर्यंतच्या दोन-तीन इंचांत. तिथे प्रत्येक रंगाच्या वाटेवर एक फिल्टर असतो, एखादं फेराइट किंवा कॉइल आणि एक-दोन बारीक कपॅसिटर. केबलने अँटेनासारखं काम करून आजूबाजूच्या रेडिओत खरखर सोडू नये म्हणून तो लागतो, आणि तसा नियमही असतो. चांगला फिल्टर लागेल तेवढंच वरचं कापतो. स्वस्त कार्डावर तोच फिल्टर ढोबळ हिशेबाने बसवलेला असतो आणि खरखरीबरोबर वहिनींचा कानाही कापून टाकतो. त्या काळात लोक हे कपॅसिटर उपटून काढायचे, आणि चित्र खरोखर सुधारायचं. मी केलं नाही. जुन्या ट्रॅकवर सोल्डरिंग करताना पॅड उखडला तर एक रंगच जातो.

मॅट्रॉक्स ही कॅनडातली कंपनी, माँट्रियलजवळ डॉर्वलची, १९७६ पासूनची. यांचं नाव झालं ते याच दोन-तीन इंचांमुळे. १९९९ मध्ये जी४०० आलं तेव्हा सगळ्यांचं लक्ष थ्रीडीकडे होतं, आणि ऑफिसवाले, डीटीपीवाले, नकाशेवाले मात्र गुपचूप मॅट्रॉक्स घेत होते. माझ्या हातातल्या कार्डावर सॉकेटजवळचे भाग एका ओळीत, तिन्ही रंगांच्या वाटा सारख्या लांबीच्या, खाली ग्राउंडचा सलग पत्रा. जुनं कार्ड शेजारी ठेवलं तर त्यात हिरव्याची वाट एका कपॅसिटरला वळसा घालून गेलेली.

पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात हे मिळालं, बाराशे सांगून आठशेला. घरी आणून सोनेरी कडा आधी खोडरबरने आणि मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसली. बसवलं. ड्रायव्हर टाकला. तोच मॉनिटर, तीच केबल, तीच सेटिंग.

वहिनींनी यात्रेचं एक हँडबिल उघडलं, देणगीदारांची यादी असलेलं, बारीक टायपात चार कॉलम. त्या काही बोलल्या नाहीत, पण झूम न करता खाली सरकवत गेल्या आणि मधेच थांबून म्हणाल्या, “हे ‘धोंडीराम’ मागच्या वेळी आपण ‘घोंडीराम’च छापलंय बघा.”

तुम्हाला स्वतःच्या कार्डाची परीक्षा घ्यायची असेल तर स्कोप लागत नाही. पेंटमध्ये एक चौकोन एकाआड एक पिक्सेल उभ्या रेघांनी भरा, शेजारी तसाच आडव्या रेघांनी. दोन्हींत काळं-पांढरं निम्मंनिम्म आहे, त्यामुळे लांबून दोन्ही सारखेच उजळ दिसायला हवेत. उभ्या रेघांचा चौकोन गडद दिसला तर सिग्नल वाटेत कुठेतरी दमतोय. तो गडद का दिसतो तर बोथट सिग्नल मधल्या व्होल्टेजला लोळत राहतो, आणि ट्यूब निम्म्या व्होल्टेजला निम्मा उजेड देत नाही, पाव हिश्श्याहूनही कमी देते. जुन्या कार्डावर हा फरक दुकानाच्या दारातून दिसायचा. जी४०० वर जरासा आहे. तो मॉनिटरच्या अँप्लिफायरचा असावा, कारण रिझोल्यूशन कमी केलं की तोही जातो.

केबलकडेही बघा. अक्षराच्या उजव्या बाजूला फिकट सावली दिसत असेल तर तो बहुतेक वेळा कार्डाचा दोष नसतो. टीव्हीच्या अँटेनाला जशी भुतं येत तसंच हे, सिग्नल टोकाला आपटून मागे जातो आणि परत येतो. दीड मीटरच्या केबलमध्ये जाऊन येऊन साधारण १५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे आमच्या सेटिंगमध्ये सावली दोन-अडीच पिक्सेलांवर पडते. पाच मीटरच्या केबलला आठेक पिक्सेलांवर. जाड केबल घ्या, जिच्यात तिन्ही रंगांना वेगळी कोअॅक्स (धातूच्या जाळीत गुंडाळलेली वायर) असते. बोटभर जाडीची आणि वाकवायला त्रास देणारी. पातळ, मऊ, गुंडाळून खिशात जाणारी केबल प्रोजेक्टरवाल्यांना द्या.

आता उणीदुणी. कार्डाला दोन सॉकेट आहेत, त्या वेळी त्याचं फार कौतुक होतं. पण दुसऱ्या सॉकेटचा डॅक वेगळ्या चिपमध्ये आहे आणि तो पहिल्याइतका वेगवान नाही, १२८० × १०२४ च्या पुढे जात नाही. दोन मॉनिटर लावले तर मजकुराचा मॉनिटर पहिल्यावरच लावा, दुसऱ्यावर फोल्डर आणि फोटो. थ्रीडी आजच्या हिशेबाने सोडाच, तेव्हाही ओपनजीएल या थ्रीडी चित्रं काढायच्या पद्धतीच्या बाबतीत मॅट्रॉक्सचं ड्रायव्हर रडकथाच होतं. साध्या जी४०० वर पंखा नाही, नुसता हीटसिंक चिकटवलेला. बंद कॅबिनेटमध्ये तो चांगला तापतो. मी एक छोटा पंखा शेजारी बांधलाय. आणि कार्ड एजीपी या जुन्या प्रकारच्या स्लॉटचं आहे, म्हणजे आजच्या कुठल्याही मदरबोर्डात ते बसणार नाही. आमच्या ४४०बीएक्स बोर्डावर काही तक्रार नाही.

‘मग नव्या मशीनला ट्यूबचा मॉनिटर जोडायचा तर काय’ असं विचारणारे दुकानात येतात, विशेषतः शाळेचे प्रोजेक्टर घेऊन. नव्या कार्डांतून डॅक काढूनच टाकलाय. एएमडीने २०१३ च्या आर९ २९० पासून, एनव्हिडियाने २०१६ च्या जीटीएक्स १० मालिकेपासून. त्यांच्या मागच्या डीव्हीआय (डिजिटल मॉनिटरच्या) सॉकेटमध्ये आडव्या पात्याभोवतीच्या चार बारीक भोकांची जागा कोरी असते. ती भोकं म्हणजे अॅनालॉगच्या, म्हणजे व्होल्टेजवाल्या सिग्नलच्या पिना. ती नसतील तर साधा डीव्हीआय-व्हीजीए जोड कधीच चालणार नाही, कितीही महाग घ्या. तीच गोष्ट ‘एचडीएमआय ते व्हीजीए’ नावाच्या नुसत्या वायरीची, जिच्या दोन्ही टोकांना फक्त पिना आहेत. आत चिप नसेल तर आकड्यांचं व्होल्टेज करणार कोण?

चिप असलेले कन्व्हर्टर चालतात. मी एक उघडून पाहिला. एक काळी चिप, एक क्रिस्टल, तीन रेझिस्टर, संपलं. अख्ख्या रॅमडॅकचं काम नखाएवढ्या तुकड्यात. १०८०पी ला लागणारे १४८.५ मेगाहर्ट्झ हे बरेचसे झेपवतात, पण ट्यूबच्या मॉनिटरवर जास्त रिझोल्यूशनला ७५-८५ हर्ट्झ मागितले तर पुष्कळांची धाव तिथेच संपते. त्यात वीज ते एचडीएमआयच्या ५ व्होल्ट पिनेवरून ओढतात, आणि त्या पिनेवर मिळण्याची खात्री फक्त ५५ मिलिअँपिअरची. एका मास्तरांच्या लॅपटॉपला लावलेला कन्व्हर्टर दर थोड्या वेळाने पडदा काळा करायचा तो यामुळेच. बाजूला मायक्रो यूएसबीचं भोक असलेला आणि चार्जर जोडता येणारा घेतला, की ते थांबलं. प्रोजेक्टरसाठी असला कन्व्हर्टर पुरे. वहिनींच्या टेबलावर मी तो ठेवणार नाही.

जी४०० घ्यायला गेलात तर सॉकेटजवळचे बारीक भाग भिंगातून बघा. जुन्या बाजारात कार्डं पोत्यात ओतलेली असतात आणि एकमेकांवर घासून हेच भाग पहिले गळतात. एक कपॅसिटर उडाला असेल तर कार्ड चालेल, पण एका रंगाला वेगळीच कड येईल. हीटसिंक हाताने हलवून पाहा. साधं जी४०० मॅक्स म्हणून विकणारेही भेटतील. मॅक्सवर पंखा असतो, आणि मजकुरासाठी त्याचे जास्तीचे पैसे द्यायची गरज नाही. आठशे-हजारांच्या वर मी तरी जाणार नाही.

आणि एलसीडी मॉनिटरवाल्यांनी हे घेऊ नये. तिथे कार्डाने आकड्यांचं व्होल्टेज करायचं आणि मॉनिटरने त्या व्होल्टेजचे परत आकडे करायचे, असला उलटा व्यवहार चालतो. ऑटो अॅडजस्टचं बटण दाबून फेज, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचं व्होल्टेज मोजायचा क्षण, जुळवली की बरं दिसतं. विंडोज ९८ बंद करताना पडद्यावर जी ठिपक्यांची जाळी पसरते, ती समोर ठेवून फेज लावा, नीट लागते. पण डीव्हीआयचं सॉकेट असलेलं एखादं जुनं कार्ड त्याहून स्वस्तात मिळतं, आणि त्यात हा सगळा उपद्व्यापच नाही.